बदलीच्या गावचा फादर

पुसद आज यवतमाळ जिल्ह्यात आहे. १९०५ पर्यंत हा तालुका वाशीम जिल्ह्यात होता. सरकारी नकाशा बदलला तसा चर्चचाही बदलत गेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नागपूर-कामठीच्या बाजूचा कॅथलिक कारभार पार विशाखापट्टणमहून चालायचा. १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला, ८ मे १९५५ रोजी त्यातून अमरावती वेगळा निघाला, आणि १९७७ मध्ये अमरावतीतूनही औरंगाबाद बाजूला झाला. उरलेले अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ हे पाच जिल्हे आज एका बिशपच्या अखत्यारीत येतात. क्षेत्रफळ सुमारे ४६ हजार चौरस किलोमीटर. एवढ्या पसाऱ्यात पुसद एका टोकाला पडतं. जिल्ह्याचं ठिकाण यवतमाळ शंभर किलोमीटरच्या घरात, बिशपचं अमरावती त्याच्याही पुढे, आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेची वाट पाहण्यात इथल्या दोन पिढ्या गेल्या.

अशा ठिकाणी नेमलेला कॅथलिक फादर हा महाराष्ट्रातल्या वाचकाला फारसा माहीत नसलेला माणूस आहे. आपल्या डोळ्यांसमोर फादर येतो तो वसईचा, गोव्याचा नाहीतर मुंबईतल्या मोठ्या शाळेचा. वसईत गावागावाला चर्च, रविवारी मिस्साच्या उपासनेला उभं राहायला जागा नाही, आणि फादर बहुतेक वेळा शेजारच्या गावचाच. त्याची आत्या गावात दिलेली असते. विदर्भात उलटं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या शेकडा एकालाही पोचली नाही, आणि त्यातली बहुतेक कोकणपट्टी, मुंबई-पुणे आणि नगरकडे. वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावी कॅथलिक घरं म्हणजे दवाखान्यातली एखादी नर्स, शाळेतले दोन-चार शिक्षक, बदलीवर आलेला बँकेचा माणूस, आणि आजूबाजूच्या खेड्यांत विखुरलेली काही कुटुंबं. धर्मग्रामाची, म्हणजे एका फादरकडे सोपवलेल्या भागाची, हद्द तालुका ओलांडून जाते. रविवारची एक मिस्सा मुख्य ठिकाणी उरकली की फादरची मोटरसायकल दुसऱ्या गावच्या वाटेला लागते. तिथे चर्च नसेल तर कुणाच्या ओसरीवर, टेबलावर पांढरं कापड अंथरून मिस्सा होते.

हा माणूस येतो कुठून? बहुधा लांबून. विदर्भातल्या मिशनचा पाया घातला तो आल्प्सच्या पायथ्याच्या आनसी गावातून निघालेल्या फ्रान्सालियन फादरांनी. त्यांचा संघ फादर पीटर मर्मिये यांनी १८३८ मध्ये काढला आणि १८४५ मध्ये त्यांचे पहिले मिशनरी हिंदुस्थानात पोचले. पुढे युरोपातून येणाऱ्यांचा ओघ आटला आणि केरळ, मंगळूर, गोवा, वसई, नगरकडची मुलं येऊ लागली. पूर्वेकडे चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूला तर १९६२ मध्ये केरळच्या सिरो-मलबार चर्चने स्वतंत्र चांदा मिशनच उभं केलं. त्याचं मुख्य ठाणं बल्लारपूर. पाला किंवा चंगनाशेरीच्या रबराच्या मळ्यातून उठून पऱ्हाटीच्या मुलखात यायचं, तेही ऐन विशी-पंचविशीत, हे त्या मुलांनी आणि त्यांच्या आयांनी कसं पेललं असेल याचा विचार आपल्याकडे कुणी फारसा केलेला नाही.

त्या मुलाची घडण लांबलचक असते. दहावी-बारावीनंतर सेमिनरी. आधी भाषा आणि प्राथमिक तयारी, मग किमान दोन वर्षं तत्त्वज्ञान, चार वर्षं ईश्वरशास्त्र, मध्ये कुठल्यातरी धर्मग्रामात उमेदवारीचं एखादं वर्ष. विदर्भातली बरीच मुलं नागपूरच्या सेंट चार्ल्स सेमिनरीतून जातात, काही पुण्याला. पुण्यातली पेपल सेमिनरी पोप तेरावे लिओ यांनी १८९३ मध्ये सिलोनमधल्या कँडीला काढली होती. १९५५ मध्ये ती पुण्याला आली. पंचवीस वर्षं पुरी झाल्याशिवाय सहसा गुरुदीक्षा देता येत नाही. वाटेत कितीतरी जण परत फिरतात. त्यांना कुणी पळपुटा म्हणू नये. ज्याला हे आयुष्य झेपणार नाही त्याने वेळेवर घरी जावं यासाठीच एवढी वर्षं राखून ठेवलेली आहेत.

गुरुदीक्षेचा विधी ज्याने जवळून पाहिला तो सहजी विसरत नाही. उमेदवार वेदीपुढे जमिनीवर पालथा पडतो, कपाळ फरशीला टेकवून. त्याच्या अंगावरून सगळ्या संतांची नामावळी गायली जाते, तोवर तो तसाच पडून असतो. मग तो उठून गुडघे टेकतो. बिशप त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवतात, आणि त्या वेळी एक शब्दही उच्चारला जात नाही. त्यांच्यामागून हजर असलेला प्रत्येक फादर येऊन तसेच हात ठेवून जातो. नंतर तळहातांना क्रिझमचं तेल चोळतात. ऑलिव्हच्या तेलात सुगंधी राळ मिसळून ते बिशपांनी ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात आशीर्वादित केलेलं असतं. बऱ्याच ठिकाणी ते तेलकट हात एका फडक्याने बांधतात आणि ते फडकं आईच्या हाती देतात. आई ते जपून ठेवते. तिच्या मरणानंतर तिच्यासोबत शवपेटीत ठेवण्याचीही चाल आहे.

इथे एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. सगळे फादर एका जातीचे नसतात. फ्रान्सालियन, जेझुइट यांसारख्या संघांतले फादर दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतात. धर्मप्रांताचा फादर दारिद्र्याचं व्रत घेत नाही. तो ब्रह्मचर्य स्वीकारतो आणि आपल्या बिशपाला आज्ञापालनाचं वचन देतो. ते वचन त्याच्या आयुष्यात उतरतं ते बदलीच्या पत्रातून. पत्रात चार ओळी असतात. अमुक धर्मग्रामातून अमुक धर्मग्रामात, अमुक तारखेपासून. मेळघाटात रमलेला माणूस त्या चार ओळींनी पुसदला येतो, पुसदला जीव लागलेला माणूस बुलढाण्याला जातो. सरकारी नोकराला बदली रद्द करून घ्यायला आमदार गाठता येतो. फादरने बिशपाकडे अडचण मांडायची, आणि तरीही जा म्हटलं तर ट्रंक भरायची.

एकदा नेमणूक झाली की मात्र त्याला गाव सोडून भटकता येत नाही. १९८३ च्या चर्च-कायद्यानुसार धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूने चर्चलगतच्या घरातच राहायचं, वर्षाला जास्तीत जास्त एक महिना सुट्टी, आणि आठवड्याहून अधिक काळ बाहेर जायचं तर बिशपला कळवायचं. रविवारची एक मिस्सा त्याने आपल्या सगळ्या धर्मग्रामासाठी अर्पण करायची. तिच्यासाठी कुणाकडून दान घ्यायचं नाही. याच कायद्यातलं ५२९ वं कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. फादरने घराघरात जावं, लोकांच्या काळज्या आणि दुःखं वाटून घ्यावीत, आजारी आणि मरणाच्या दारातल्या माणसांना जवळ करावं, गरीब, एकटे पडलेले, गावापासून तुटलेले यांना हुडकून काढावं, हे तिथे कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. पुसद भागात याचा अर्थ सरळ आहे: उन्हातान्हात फिरायचं.

फिरायचं तर बोलता आलं पाहिजे. १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकांच्या भाषेत उपासनेची वाट मोकळी केली आणि काही वर्षांतच लॅटिन मिस्सा मराठीत आली. पण पुस्तकातली मराठी शिकून आलेला फादर पहिल्याच रविवारी चर्चच्या दारात अडकतो. समोरची बाई विचारते, "काय करून राह्यले फादर? जेवले का नाई?" हे त्याला सेमिनरीत कुणी शिकवलेलं नसतं. पुसदची बोली आणखी वेगळी, वऱ्हाडी आणि मराठवाडी यांच्या सांध्यावरची. तांड्यावर गेलं की गोरमाटी ऐकू येते. हा बंजारा समाजाचा मुलूख. वसंतराव नाईकांचं गहुली इथून जवळ आणि पोहरादेवीची वाट याच बाजूने जाते. वर्षभरात जो फादर स्वतः "येऊन राह्यलो" म्हणू लागतो त्याचं इथे निभतं. जो इंग्रजी शाळेच्या कचेरीत बसून राहतो त्याला लोक मान देतात, दुःख सांगत नाहीत.

या बाबतीत मराठी मुलखाला फार जुना दाखला आहे. इंग्लंडातल्या विल्टशायरमध्ये जन्मलेले थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला उतरले आणि साष्टीच्या गावांत धर्मगुरू म्हणून राहिले. तिथली कोकणी त्यांनी आत्मसात केली, तिचं व्याकरण लिहिलं, आणि ख्रिस्तपुराण मराठीत रचलं. ओवीत, दहा हजारांवर ओव्यांचं. ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. माझ्या मते त्या ग्रंथाचं मोठेपण केवळ साहित्यातलं नाही. आपल्या माणसांना पुराण ऐकायची सवय आहे, त्यांच्या कानाला ओवी गोड लागते, हे ओळखणारा गावचा धर्मगुरू त्या ओव्यांमागे उभा आहे. तो गावोगाव फिरला नसता तर त्याला हे कळलं नसतं.

फादरच्या घरातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे नोंदवह्या. स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू अशा तीन वह्या ठेवणं बंधनकारक आहे. स्नानसंस्काराच्या वहीत मुलाचं नाव, जन्माची तारीख आणि ठिकाण, आईवडील, धर्ममातापिता, संस्काराचा दिवस आणि फादरची सही असते. शेजारी एक रुंद कोरा समास सोडलेला असतो. त्या समासात त्या माणसाचं सगळं आयुष्य पुढे येऊन पडतं. दृढीकरण झालं की नोंद, लग्न झालं की नोंद, कुणी फादर किंवा सिस्टर झालं तर तीही नोंद. पुसदला स्नानसंस्कार झालेला मुलगा पुण्यात चाकणच्या कारखान्यात लागला आणि तिथे लग्नाला उभा राहिला, की तिथला फादर पुसदला पत्र धाडून ताजा दाखला मागवतो. समासात आधीच्या लग्नाची नोंद नसेल तरच लग्न लागतं. लागल्यावर तिकडून कळवतात आणि पुसदचा फादर समासात लग्नाची तारीख, ठिकाण आणि जोडीदाराचं नाव लिहितो. लेखणी हातात असलेला फादर त्या पोराला कदाचित कधी भेटलेलाही नसतो; त्याला पाण्यात न्हाऊ घालणारा फादर तीन बदल्यांपूर्वीच निघून गेलेला असतो. माणसं जातात, वही धर्मग्रामाची राहते.

याच दाखल्यांत एक जुनं दुखणं आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती आधी हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेले दलित आजही बाहेर आहेत. गावकुसाबाहेरचं घर तेच, मजुरी तीच, विहिरीवर मिळणारी वागणूकही बऱ्याच ठिकाणी तीच. तरीही दाखल्यावर ख्रिस्ती लिहिलं की शिष्यवृत्ती गेली. अशा घरातला बाप मुलाच्या शाळेचा फॉर्म घेऊन फादरपुढे बसतो तेव्हा फादरजवळ त्याला द्यायला उत्तर नसतं. हा अन्याय आहे आणि तो सत्तर वर्षांवर चालत आला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नासाठी नेमला गेला.

यवतमाळ जिल्ह्यातल्या फादरचं काम इतर कुठल्याही जिल्ह्याहून जिथे वेगळं होतं ती जागा आत्महत्येची आहे. पुसदला लागून असलेल्या महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवलं. त्या घटनेची आठवण ठेवून आजही १९ मार्चला ठिकठिकाणी अन्नत्याग केला जातो. त्यानंतर या जिल्ह्यात कापूस, कर्ज आणि कीटकनाशकाचा डबा यांनी किती घरं उद्ध्वस्त केली ते सगळ्यांना माहीत आहे.

जुन्या चर्चचं वागणं या बाबतीत कठोर होतं. १९१७ च्या चर्च-कायद्यात जाणूनबुजून जीव देणाऱ्याला ख्रिस्ती दफनविधी नाकारलेला होता. युरोपातल्या कित्येक गावांत अशा माणसांना दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरत. १९८३ च्या कायद्याने ते कलम गाळलं. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात तर स्पष्ट म्हटलं आहे की तीव्र मानसिक यातना, भीती किंवा छळ यांमुळे त्या माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि त्याच्या तारणाची आशा कुणी सोडू नये. चर्च त्याच्यासाठी प्रार्थना करतं. रोममध्ये बदललेलं हे कलम एखाद्या तालुक्याच्या गावी कसं उतरतं ते समजून घेण्यासारखं आहे. फादर त्या घरी जातो. अंगणात चादरीखाली माणूस असतो, पंचनाम्यासाठी पोलीस पाटील थांबलेले असतात, आणि आत बसलेल्या बाईच्या डोक्यात एकच विचार फिरत असतो: त्यांनी पाप केलं का, त्यांना माती तरी मिळेल का. तिला ग्रंथातला परिच्छेद वाचून दाखवायचा नसतो. "आपण त्यांना चर्चमध्ये नेऊ, मिस्सा होईल, सगळं रीतीने होईल," एवढं फादर बोलला तरी तिचा श्वास मोकळा होतो. पुढचं काम त्याहून लांब चालतं. सावकार, बँक, नुकसानभरपाईचे कागद, मुलीची शाळा. घर ख्रिस्ती असो वा नसो, फादरने इथे जायलाच हवं, असं मला वाटतं.

कारण त्याच्या दिवसातला मोठा हिस्सा ख्रिस्ती नसलेल्या माणसांतच जातो. शाळा असेल तर बाकांवर बसलेली मुलं बहुतेक हिंदू, बौद्ध, मुसलमान आणि बंजारा घरची. दवाखान्याच्या रांगेतही तीच. यावरून संशय उठतो, आणि तो टाळून लिहिणं मला बरोबर वाटत नाही. फादर मदत करतो ती बाटवण्यासाठीच, असं मानणारे लोक गावात असतात. कॅथलिक कायद्याची बाजू स्पष्ट आहे. कुणालाही त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध श्रद्धा घ्यायला भाग पाडता येत नाही, हे ७४८ व्या कलमात लिहिलेलं आहे. प्रौढ माणसाला स्नानसंस्कार हवा असेल तर आधी दीर्घ शिक्षण आणि पारख ठरलेली आहे. आज मागितला, उद्या दिला, असं चालत नाही. देशाच्या कायद्यातही हा प्रश्न एका कॅथलिक फादरच्याच नावाने ओळखला जातो. रायपूरचे रेव्हरंड स्टॅनिस्लाउस यांच्या खटल्यात १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क त्यात येत नाही. हे सगळं माहीत असूनही तांड्यावर जाताना फादरला दोनदा विचार करावा लागतो, आणि मदतीची वाट पाहणाऱ्या घराचं त्यात नुकसान होतं.

चर्चबाहेरच्या महाराष्ट्राने फादरला आपलं मानल्याची दोन उदाहरणं मला नेहमी जवळची वाटत आली. एक हर्मन बाखर. हे स्विस जेझुइट १९४८ मध्ये आले आणि नगरच्या दुष्काळी पट्ट्यात आयुष्य काढलं. डोंगरमाथ्यापासून खाली पाणी अडवत यायचं आणि ते काम गावानेच करायचं, हा त्यांचा आग्रह. त्यातून भारत-जर्मनी पाणलोट कार्यक्रम उभा राहिला आणि १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह वॉटर ही संस्था. २०२१ मध्ये ते स्वित्झर्लंडमध्ये वारले.

दुसरे फ्रान्सिस दिब्रिटो. वसईचे, घरचे, मराठीचे. १९७२ मध्ये गुरुदीक्षा, १९८३ पासून २००७ पर्यंत 'सुवार्ता'चं संपादन. त्या मासिकाला त्यांनी चर्चच्या आवारातून काढून मराठी साहित्याच्या आवारात नेलं. हरित वसईच्या लढ्यात पाणी, झाडं आणि जमीन यांसाठी ते रस्त्यावर उतरले. वसईत त्या काळी गुंडगिरीचं राज्य होतं, हे लक्षात घेतलं म्हणजे त्याची किंमत कळते. त्यांच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. जानेवारी २०१९ मध्ये ९२ वं साहित्य संमेलन आपल्या यवतमाळला भरलं आणि पाहुण्या लेखिकेचं निमंत्रण मागे घेतल्यामुळे गाजलं. पुढच्याच वर्षी उस्मानाबादच्या ९३ व्या संमेलनाला दिब्रिटो अध्यक्ष होते. फादर अध्यक्ष कसा, असा विरोधही झाला. पाठीच्या दुखण्याने हैराण असतानाही ते तिथे गेले आणि बोलले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचं निधन झालं तेव्हा त्यांना निरोप द्यायला आलेल्यांत सगळ्या धर्मांचे लोक होते.

दिब्रिटोंच्या मागे वसई होती, हे मात्र विसरू नये. त्यांच्याभोवती हजारो माणसं, पाचपन्नास फादर, वाचक, कार्यकर्ते. पुसदसारख्या जागी फादर एकटा असतो. संध्याकाळी सहाला घंटा वाजवली की समोर चार म्हाताऱ्या आणि दोन पोरं. रात्रीचं जेवण एकट्याचं. नाताळच्या मध्यरात्री सगळी घरं गजबजतात आणि मिस्सा संपवून फादर दार लावून घेतो. ताप आला तर पाणी द्यायला आचारी असेल तर असेल. पापनिवेदनात ऐकलेलं तो कुणाला सांगू शकत नाही, न्यायालयालाही नाही, मरेपर्यंत नाही. ऐकलेल्याचं ओझं मन मोकळं करून उतरवण्याची सोयच नाही. काहीजण दारूकडे वळतात, काही चिडचिडे होतात, काही इमारती बांधत सुटतात. त्याहून वाईट घडलेलंही जगाने पाहिलं आहे. मुलांवरच्या अत्याचाराची प्रकरणं दाबणाऱ्या चर्चला २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तक्रार वर कळवणं सक्तीचं केलं, आणि आपल्याकडे पॉक्सो कायद्याने २०१२ पासूनच पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. फादरच्या पांढऱ्या झग्यावर गावाचा जो विश्वास असतो त्याला हिशेब द्यावा लागतो, हे चर्चने उशिरा का होईना मान्य केलं.

पंचाहत्तरी आली की प्रमुख धर्मगुरूने राजीनामा सादर करायचा असतो. मग तो धर्मप्रांताच्या निवासात जातो, नाहीतर संघाच्या घरी. ज्या गावांत आयुष्य गेलं त्यांतलं एकही गाव त्याचं म्हणून उरत नाही, आणि जन्मगावी भावाची मुलं त्याला ओळखतात तेवढंच.

प्रश्न पुढच्याचा आहे. केरळात, वसईत आता घरात एक-दोनच मुलं. त्यातलं एक सेमिनरीला धाडायला आई तयार होत नाही, आणि मुलालाही कॅनडा खुणावतं. लांबून येणाऱ्यांवर उभं राहिलेलं वऱ्हाडातलं चर्च त्यांच्याच भरवशावर यापुढे चालणार नाही. तालुक्या-तालुक्यांतल्या वाडी-तांड्यावर वाढलेली, गोरमाटी आणि वऱ्हाडी घरात बोलणारी मुलं त्या वाटेने गेली पाहिजेत, आणि ती जावीत यासाठी त्यांच्या शाळेचा, वसतिगृहाचा, इंग्रजीच्या भीतीचा बंदोबस्त आधी व्हायला हवा. सेमिनरीत वऱ्हाडी पोरगा मागे पडतो तो बहुधा इंग्रजीत, श्रद्धेत नाही. अमरावतीच्या बिशपांना आणि सेमिनरी चालवणाऱ्यांना हे करता येण्याजोगं आहे. ते झालं तर एखाद्या बदलीच्या पत्रात पुसदचाच मुलगा दर्यापूरला किंवा मेहकरला जाईल, आणि तिथल्या ओसरीवर पहिल्या रविवारीच त्याला सगळं कळेल.